केदारचे दोन म्हणजे दोनच

माझा नवरा केदार नागपूरचा. तिशीपर्यंत त्याने बर्फ पाहिला तो रसवंतीवर, उसाच्या रसात. आता कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत नळी खुपसून बर्फ मोजणं ही त्याची नोकरी. कुठे किती साठलाय, उन्हाळ्यात नदीला किती पाणी येईल, हे त्याने सांगायचं. जेवतानाही तोच विषय. वैताग येतो अगदी.

जूनमध्ये सनीव्हेलच्या आमच्या मंडळाची सहल त्याच डोंगरात गेली. नदीच्या मधोमध एक खडकाळ बेट होतं. सकाळी दगडांवर पाय टाकत मंडळी आरामात तिथे पोचली, डबे उघडले.

केदारने बजावलं, "दोनच्या आत परत या. दुपारनंतर पाणी चढतं."

"बर्फ आहे कुठे, यार?" मंडळाचा सेक्रेटरी निहार समोरच्या उघड्याबोडक्या कड्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"वाऱ्याने तिथला उडवून कड्यामागच्या खोलगट भागात टाकलाय. तिथे अजून दोन पुरुष खोल आहे. उन्हाने वितळलेलं पाणी इथे यायला दुपार होते."

आता आमच्या मंडळाची रीत ऐका. नाटक बाराला असलं की मेसेजमध्ये दहा लिहायचे. लोक उशिरा येणार हे धरलेलंच असतं. तसेच सगळ्यांनी केदारचे दोन म्हणजे चार धरले.

आम्ही दोघं प्यायचं पाणी आणायला गावात गेलो होतो. अडीचला परतलो तर नदी गढूळ झालेली, दगड दिसेनात. बाकीचे धडपडत अलीकडे आले होते. बेटावर राहिल्या होत्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या वसुधामावशी, आणि त्यांच्या सोबतीला थांबलेली आमची नऊ वर्षांची सिया. फोनला रेंज नाही. एक जण गाडी घेऊन मदत आणायला गेला होता.

"थांबू या, उतरेल," निहार म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत चढतच जाईल. वर किती बर्फ आहे ते मी मोजलंय."

"बेट बुडेल?" मी विचारलं.

"बुडेल."

गाडीतला दोर झाडाला बांधून, दुसरं टोक घेऊन केदार पाण्यात शिरला. कमरेइतकं पाणी. पलीकडे खडकाला दोर बांधला आणि ओरडला, "आधी मावशी!"

माझं डोकं फिरलं. माझी पोर तिथे एकटी ठेवतो हा?

"पाणी आणखी चढलं तर त्यांना आणता येणार नाही," तो ओरडला. "सियाला खांद्यावर घेता येईल."

त्याचं बरोबर होतं, आणि तरी त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला.

मावशी कशाबशा आल्या. तो पुन्हा गेला. सियाला घेऊन येताना पाणी त्याच्या छातीशी होतं. मधेच त्याचा पाय सटकला, दोघं दिसेनासे झाले. मग आधी सियाचं डोकं वर आलं, मागून त्याचं.

काठावर निहार म्हणाला, "अरे, आम्हाला बाराच सांगायचं होतंस."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

केदार ओल्या कपड्यांनी चिखलात बसला होता, सियाचं मनगट धरून.

"बाबा, यू आर हर्टिंग मी," ती म्हणाली.

"सॉरी, बेटा," तो म्हणाला. पण मनगट काही त्याला सोडता येईना. शेवटी मी शेजारी बसून त्याची बोटं सोडवली.