बंडखोरांची गिनती

"लिहा भाऊ, पोरं पळाली," असं म्हणून काका हात पाठीमागं बांधत आणि माझ्या दुकानात येरझाऱ्या घालू लागत. दुकान एवढंसं. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि लग्नपत्रिकांचे नमुने. चालायला सुरुवात केली की लगेच भिंत येई. काका वळत आणि परत चालत. सारी नोकरी तुरुंगात हवालदार म्हणून गेल्यामुळे भिंतींबद्दल त्यांची तक्रार नसे.

तुम्ही कधी वणीच्या रस्त्यानं गेला असाल तर आमचं गाव तुम्हाला न दिसता मागं पडलं असेल. पुढं कोळशाचा ट्रक असतो आणि गाव त्याच्या धुळीत असतं. अशा गावात एक निवृत्त हवालदार जुलमी सरकार उलथवणाऱ्या पोरांची कादंबरी सांगत होता आणि मी ती टाइप करत होतो. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. टाइपिंगवाल्याकडं सगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं येतात.

कादंबरीचं कारण त्यांची नात, समीक्षा. आईवडील खेड्यावर शेती बघत, कॉलेज इथं, म्हणून ती आजोबांकडं राहायची. अकरावीला होती. तिला त्या जातीच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. पुढचा काळ, वाईट सरकार आणि त्याच्याशी भिडणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं. एके दिवशी काकांनी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं. सुरुवातीलाच नायिकेनं फाटकावरच्या पहारेकऱ्याला खंदकात ढकललं आणि ती पळाली.

"त्याचं नाव काय?" काकांनी विचारलं.

"कोणाचं?"

"खंदकात पडला त्याचं."

"आबाजी, त्याले नाव नाही. तो सरकारचा माणूस आहे."

"मंग मी कोण होतो?"

समीक्षानं थोडा विचार केला. पोरगी खोटं बोलणारी नव्हती. "तुमी बी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात आले.

त्यांच्या कादंबरीतल्या राज्यात सोळावं लागलं की प्रत्येकाला 'मी पुढं कोण होणार' हे सरकारला सांगावं लागे आणि सांगितलेलं मरेपर्यंत बदलता येत नसे. ज्यांना सांगता येत नसे त्यांना एका मोठ्या इमारतीत नेत. तिथून काही पोरं पळतात आणि जंगलात राहून सरकारशी लढतात. इथपर्यंत ठीक होतं. पण काकांची बंडखोर पोरं पहाटे उठत, घोंगड्या चौकोनी घड्या करून ठेवत आणि ओळीत उभी राहून गिनती देत. गिनती म्हणजे तुरुंगातली कैद्यांची हजेरी.

"आबाजी, हे बंड आहे का एनसीसी?" समीक्षानं विचारलं.

"गिनती नाही घेतली तर कोण मांगं राह्यलं ते कसं समजीन?" काका म्हणाले. गिनती राहिली.

शिवाय त्यांच्या कादंबरीत प्रत्येक पहारेकऱ्याला नाव होतं. एकाला मूळव्याध होती, एकाच्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं. थोड्याच प्रकरणांत सरकारची माणसं पोरांपेक्षा जास्त झाली. मुख्य हुकूमशहाला तर ॲसिडिटी होती. मी म्हटलं, "काका, अशा माणसाला वाचक घाबरणार नाहीत."

"म्या लय साहेब पाह्यले भाऊ. सगळ्यायले ॲसिडिटी राह्यते. लिहा."

एकदा मीच सुचवलं की, पोरांना चादरींना गाठी मारून खिडकीतून उतरवा. काका येरझाऱ्या घालता घालता थांबले. "चादरीची गाठ वजन नाही धरत," ते म्हणाले. "पाह्यलं म्या." त्या दिवशी ते पुढं काही न सांगताच घरी गेले.

नोट्सच्या झेरॉक्सला येणारी पोरं दारात उभी राहून हे ऐकत. हळूहळू ती झेरॉक्स नसली तरी येऊ लागली. काका त्यांना बसा म्हणत नसत आणि जा असंही म्हणत नसत.

अशात अभ्यासिकेचं प्रकरण झालं. आमच्याकडं अकरावी-बारावीच्या पोरांसाठी दोन खोल्यांची अभ्यासिका होती. घरात जागा नाही, टीव्ही चालू असतो, अशी पोरं तिथं बसत. नगरपंचायतीच्या साहेबांनी ती रिकामी करायला सांगितली, कारण कार्यक्रमांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या पावसात भिजत होत्या. पोरांनी दोनदा अर्ज दिला. साहेबांनी तो ठेवून घेतला.

ज्या दिवशी कुलूप लागणार होतं त्या सकाळी पोरं आत गेली आणि आतून कडी लावून बसली. पुढारी समीक्षाच होती. दाराला आतून बाकं लावली होती. बाहेर साहेब, खुर्च्यांचा ट्रॅक्टर, पोलीस आणि घाबरलेले आईबाप. ठाणेदार दार तोडायच्या बेतात होते. कुणीतरी त्यांना सांगितलं की, त्या पोरीचा आजा जेलमध्ये हवालदार होता, त्याला बोलवा, तो समजावील.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. ठाणेदारांना त्यांनी सलाम ठोकला. तो मुळीच थट्टेचा नव्हता. मग दाराशी जाऊन म्हणाले, "समीक्षा, मी आहो. उघड."

पोरांनी बाकं सरकवली आणि त्यांना आत घेतलं. मी खिडकीशी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आबाजी, तुमी आमाले बाहेर काढाले आले का?"

"कडी कायले लावली?"

"ते आत येतीन ना."

"कडी लावली म्हणून ते तोडतीन. दार तोडाले हुकूम भेटते. उघड्या दाराचं काय करा, हे कोणालेच ठाव नाही. खोला ते. अन् पुस्तकं काढा."

दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली गेली. पोरं बाकांवर बसून वाचू लागली. ठाणेदार आत आले, उभे राहिले. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अभ्यास," समीक्षा म्हणाली. आणि तिनं रसायनशास्त्राचं पान उलटलं.

ठाणेदार बाहेर येऊन साहेबांशी बोलले. साहेब फोनवर कुणाशी तरी बोलले. बाहेर एक बाई रडत होती की, माझा पोरगा आत आहे का नाही तेच समजत नाही. ते ऐकून काका दारात उभे राहिले आणि तुरुंगातल्या आवाजात त्यांनी गिनती घेतली. एकेक नाव बाहेर गेलं आणि एकेक "हजर" आला. स्वतःच्या पोराचा आवाज आला की ते ते आईबाप गप्प व्हायचे. शेवटचं नाव होईस्तोवर रस्ता शांत झाला होता. मग कुणीतरी घरी जाऊन डबा घेऊन आलं. मग सगळेच आणू लागले.

ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत उभा राहिला आणि परत गेला. खुर्च्या शेवटी नगरपंचायतीच्याच सभागृहाच्या जिन्याखाली मावल्या. पुढं अभ्यासिकेतला एक पंखाही दुरुस्त झाला, पण तो योगायोग असावा.

काकांना मात्र दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. बराच वेळ बसवून ठेवलं. पेन्शनीचं नाव निघालं. मी आणि समीक्षा बाहेर पायरीवर बसून होतो. काका बाहेर आले तेव्हा शर्टाची इस्त्री गेलेली होती.

"काय म्हणलं त्यायनं?"

"म्हणले, सरकारी माणसाले हे शोभत नाही."

"तुमाले भेव वाटलं का आबाजी?"

"वाटलं."

समीक्षानं त्यांच्या शर्टाची बाही सरळ केली. मग म्हणाली, "काल दारावर जो शिपाई होता ना, त्याले म्या पाणी नेऊन दिलं. नाव बी विचारलं. दारव्ह्याचा आहे. त्याची बहीण बी अकरावीलेच आहे, तिकडं."

काकांनी मान हलवली. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा खांदा धरला. एरवी तीच त्यांचा हात धरायची.

कादंबरी पुरी झाली नाही. पोरं राजधानीपर्यंत पोचली, हुकूमशहा औषध घेऊन निघून गेला, आणि काका थांबले. दुकानात येत, बसत, चहा घेत. मी विचारलं की म्हणत, "पोरं जिंकली ते ठीक आहे भाऊ. पण उद्यापासून फाटकावर कोण उभं राहीन, ते सुचून नाही राह्यलं." मी म्हटलं, फाटकच ठेवू नका. ते म्हणाले, विचार करतो. समीक्षा शिकायला नागपूरला गेल्यावर वर्षभरातच ते वारले. विचार झाला होता की नाही, मला कळलं नाही.

मला ते आठवतात समीक्षा नागपूरला निघाली त्या सकाळचे. बसमध्ये गर्दी होती. काका आधी चढले आणि खिडकीची जागा धरून बसले. ती आली, पिशव्या लागल्या, कंडक्टरनं घंटी मारली. "काका, उतरा आता," मी खालून ओरडलो. बस हलली. काका उतरले नाहीत. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन त्यांच्यापाशी आला, तर ते त्याला काही सांगत होते आणि समीक्षा तोंडावर ओढणी धरून हसत होती. पुढच्या थांब्यापर्यंत गेले असतील, फार तर त्याच्या पुढच्या. बसच्या मागं एक कोळशाचा ट्रक लागला आणि मग काही दिसलं नाही.