बंदिवासात जन्मलेली मुलं

पार्किंगच्या वाळूतून चालताना पाठीला चिकटलेला कुर्ता हॉलमध्ये पाऊल टाकताच गार पडतो, आणि त्याच क्षणी भिंतींमधून तीन-चार भाषांतली गाणी एकदम अंगावर येतात. कतारमध्ये, दोह्याच्या चर्च कॉम्प्लेक्समधला शुक्रवार हा असा, इथे सुट्टी शुक्रवारची. एका बाजूला मल्याळम, दुसऱ्या बाजूला फिलिपिनो मंडळींचं तागालोग, वरच्या मजल्यावर कुठेतरी तमिळ ढोलकी, आणि मधल्या हॉलमध्ये आम्ही, श्रीरामपूर-नाशिककडची थोडी ख्रिस्ती घरं, एकमेकांना सलाम करत खुर्च्या लावतोय. आमची प्रार्थना लांबली की पुढच्या वेळेची मंडळी गिटारी घेऊन दारात उभी राहतात. अगदी नम्रपणे, पण उभी राहतात.

मला इथे सगळ्यात काय आवडतं सांगू? बायबलमधल्या संदेष्ट्यांचं वाचन. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे चुका शोधण्याचाच पगार घेते, म्हणूनही असेल, पण ते हिब्रू संदेष्टे मला ऑफिसमधल्या कितीतरी लोकांपेक्षा जवळचे वाटतात. शेजारच्या राष्ट्रांनाही ते सुनावतात, पण त्यांचा आवाज खरा चढतो तो स्वतःच्या माणसांवर. तुमची मापं खोटी, तुम्ही अनाथाचं लुबाडलंत आणि वर सणवार थाटात केलेत. आता तट पडेल, मंदिर जळेल, तुम्हाला बांधून परमुलखात नेतील. आणि पान उलटलं की तेच तोंड म्हणतं, देव तुम्हाला परत आणेल, पडकी घरं पुन्हा उभी राहतील. लहानपणी मला वाटायचं, यातलं एक काहीतरी खोटं असणार. आता घरापासून इतकी लांब राहिल्यावर वाटतं, ज्याला तुमच्याशी काही देणंघेणं उरलेलं नसतं तो रागावतच नाही, तो फक्त फोन उचलायचा बंद होतो. इतका राग ज्याला येतो, त्याच्याच मनात परत बोलवायचं असतं.

तर आमच्या मंडळीत निरोपाची एक पद्धत आहे. कोणी कायमचं गावी निघालं, की जायच्या आधीच्या शुक्रवारी त्या घरातल्या कोणीतरी बंदिवासातून परत आणण्याचं वचन उभं राहून वाचायचं. मग ज्याला जायचंय तो प्रार्थना करतो, काकू मंडळी डोळे पुसतात, आणि मग समोसे. यात कोणाला कधी काही खटकलं नाही. मलाही नाही.

यावेळी विल्सनकाकांचं घर निघालं होतं. काका क्रेन मेंटेनन्समध्ये, त्यांचं प्रोजेक्ट खलास झालं. शीलाकाकू आधीच डबे वाटत सुटल्या होत्या. वाचणार होती त्यांची मुलगी शेरॉन, सातवीतली, इथेच जन्मलेली, अल थुमामा भागातल्या फ्लॅटमध्ये डोक्यावरून विमानं जाताना ऐकत वाढलेली. तिला देवनागरी वाचायला काकांनी स्वतः शिकवलं होतं, याचा त्यांना भारी अभिमान. वाचन कोण करणार हे मी बघते, म्हणून गुरुवारी काकांचा फोन आला. "ती नाही म्हणतेय गं. लाजत असेल. तू सांग, तुझं ऐकते ती."

मी संध्याकाळी गेले. खोक्यांच्या मधे शेरॉन गादीवर बसली होती. मी नेहमीच्या स्पीडने सुरू झाले, की अगं हे किती भारी आहे, सगळं उद्ध्वस्त झालंय, कोणाला काही आशा नाही, आणि हा माणूस म्हणतो परत जाल. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "दीदी, पण जे नेले ते तर ओल्ड होऊन मेले असतील ना? मग परत कोण गेलं?"

मी म्हटलं, त्यांची मुलं.

"म्हणजे दे वेअर बॉर्न देअर. त्यांना कोणी आस्क केलं?"

इतकी वर्षं ऐकतेय मी हे, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती पुढे म्हणाली, "बाबा सगळ्यांना सांगतात, वी आर गोइंग होम. मी श्रीरामपूरला टू टाइम्स गेले आहे. मला तिथे तापच आला." हे ती तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली, माहिती दिल्यासारखं म्हणाली. बाबांना सांगितलंस का, असं मी विचारलं, तर तिने नाही अशी मान हलवली. "ते सॅड होतील. आधीच जॉब गेलाय."

मग आम्ही दोघींनी ते पान उघडलं. परतीच्या वचनाच्या थोडं वरच, त्याच संदेष्ट्याचा बंदिवानांना दुसरा एक निरोप आहे: तिथे घरं बांधा, बागा लावून त्यांची फळं खा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आमचं निरोपाचं वाचन नेहमी त्याच्या खालून सुरू होतं, कारण घाई परतीची. शेरॉनने तिथे बोट ठेवलं. "हे वाचू?" मी म्हटलं, वाच. काकांना विचारायला हवं होतं, मी नाही विचारलं.

शुक्रवारी ती उभी राहिली आणि वरून सुरू झाली, अडखळत, जोडाक्षरावर थांबत. काकांना वाटलं तिची जागा चुकली. ते पुढच्या खुर्चीवरून हळूच म्हणाले, "बेटा, खाली, खाली." ती वाचत राहिली. शहराच्या भल्याशी आली आणि तिथेच थांबून खाली बसली. शीलाकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

प्रार्थना काकांची होती. ते उठले. प्रवासासाठी, गावच्या घरासाठी त्यांनी काय ठरवून आणलं असेल ते तसंच राहिलं. मग त्यांनी बिल्डिंगच्या सुदानी वॉचमनसाठी प्रार्थना केली. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरसाठी, शेरॉनच्या वर्गातल्या मुलींसाठी, ज्या हॉस्पिटलात ती झाली तिथल्या नर्सेससाठी. शेवटी म्हणाले, "देवा, इतकी वर्षं मी या शहराकडे गाडीची वाट बघत बसल्यासारखा बसलो. माझी मुलगी मात्र इथे घर करून राहिली. तिच्या शहराचं भलं कर." आमेन सगळ्यांच्या आधी शेरॉन म्हणाली.

ते दोन दिवसांनी गेलेच, तिकिटं काढलेली होती. संदेष्ट्यांच्या गोष्टीतही बोलणी खाऊन गेलेले वेगळे आणि परत आलेले वेगळे, हे मला आता दिसतं. पडलेलं शहर ज्यांनी पुन्हा बांधलं, त्यांनी ते आधी कधी पाहिलंच नव्हतं, आणि निघताना त्यांचंही काहीतरी मागे राहिलंच असणार.

पण जाण्याआधी, त्या शुक्रवारी, आमेननंतर काका बसले नाहीत. त्यांनी शेरॉनच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि वाकून विचारलं, "पुढचं, परतीचं, मी वाचू का? तू नाही म्हणालीस तर राहू दे." दारात गिटारवाले येऊन उभे राहिले होते, आमची वेळ संपली होती. ती विचार करत राहिली आणि आम्ही सगळे थांबलो. मग तिने खुर्चीवर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.