थांबणारा माग

माग चालवून नाव काढणारे उदगीरच्या बाजूला लई झाले. संगप्पाला नाव काढायचं होतं ते माग थांबवून. अशा माणसाला गल्लीत काय म्हणतात ते लिहायची सोय नाही. शेडमधल्या बाया मात्र त्याच्या तोंडावरच म्हणायच्या आणि वर त्याच्याकडूनच मागाचे नट आवळून घ्यायच्या.

संगप्पा विणकर सोसायटीच्या शेडमध्ये मिस्त्री होता. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली सोलापूरवाल्यांनी भंगारात काढलेले यंत्रमाग. दिवसभर ते असे खडखडायचे की शेजारच्या मठातले अय्या जंगमस्वामी आशीर्वादसुद्धा हाताच्या खुणेनं द्यायचे. दाराजवळचा माग संगप्पाच्या बायकोचा, शिवगंगेचा. तिच्या हाताला वेग होता, कापडाला वजन होतं. तिनं विणलेलं धोतर नवरदेवाला नेसवलं तर ते लग्नापेक्षा जास्त टिकतं, असं लोक म्हणायचे. काही लग्नांच्या बाबतीत ते खरंही निघालं.

पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मागाचं असं असतं की ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतातली, एक तार तुटली तरी तो बेशरम तसाच चालत राहतो आणि कापडात लांबच लांब रेघ पडत जाते. बाईनं ती तार लगेच बघायची, माग थांबवायचा, गाठ मारायची. शिवगंगेला रेघ दिसायची ती हातभर कापड वाया गेल्यावर. उदगीरच्या डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, अजून पिकला नाही, पिकल्यावर या. त्या साली ज्वारी पिकली नव्हती, तूर पिकली नव्हती. मग मोतीबिंदूच एकटा कसा पिकेल, असं शिवगंगा स्वतःच सांगत सुटायची आणि बाया हसायच्या. संगप्पा तेवढा हसायचा नाही. तो तेलाची झारी घेऊन ज्या मागाला तेल नको त्याला तेल घालत बसायचा.

सोसायटीचे चेअरमन अमृतराव. आवाज मऊ, कपडे कडक. त्यांनी संगप्पाला बाजूला घेऊन गोड शब्दांत कळवलं की शिवगंगाक्कांना आता कोपऱ्यात कांड्या भरायला, सूत गुंडाळायला बसवू, मागावर आमच्या चुलत्यांची सून कमलम्मा बसेल. कांड्यांचा कोपरा म्हणजे शेडमधलं सरणाआधीचं ठिकाण. तिथं नवशिक्या पोरी बसायच्या, नाहीतर ज्यांचं सगळं झालं आहे अशा म्हाताऱ्या. शिवगंगा त्या दोन्हींत बसत नव्हती.

तेव्हा संगप्पाच्या डोक्यात भूत शिरलं. मोठ्या गिरण्यांत तार तुटली की आपोआप थांबणारे माग असतात असं त्यानं ऐकलं होतं, पण त्याला ते कुणी दाखवले नव्हते. मग त्यानं डोकं खाजवून शिवगंगेच्या मागासाठी आपलं आपण केलं. गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे कापून बारीक बारीक टिकल्या केल्या आणि ताण्याच्या प्रत्येक तारेवर एकेक टिकली अडकवली. खाली एक दातेरी पट्टी मागंपुढं सरकत राहायची. तार तुटली की तिच्यावरची टिकली पट्टीच्या दातांत पडायची, पट्टी अडायची, खटका सुटायचा आणि माग गप्प. सगळा हिवाळा नवराबायको टिकल्या कापत बसले. गल्लीतल्या बायांना वाटलं, संगप्पानं चोरून देवीच्या दागिन्यांचा धंदा काढला.

फाल्गुनात माग सुरू झाला आणि थांबला. बरोबर थांबला. शिवगंगेनं बोटांनी चाचपून खाली पडलेली टिकली शोधली, तिथली तार शोधली, गाठ मारली. डोळ्यांचं कामच उरलं नाही. रेघ नाही, डाग नाही. अमृतरावांनी कापड उन्हात धरून बघितलं आणि म्हणाले की बरं आहे. नव्या लातूर जिल्ह्याचे उद्योग खात्याचे साहेब वैशाखात शेड बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर सगळ्याच मागांना टिकल्या बसवू आणि अक्का जिथं आहेत तिथंच राहतील. नाही पटलं तर मग माझा इलाज नाही.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. उस्मानाबादचा हेलपाटा वाचला म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. त्यानंतर पाण्यानं दगा दिला. विहिरींनी तळ दाखवला आणि शेडमधली हवा अशी कोरडी झाली की सूत नुसतं बघितलं तरी तुटायचं. सुताला ओल लागते. एरवी खिडक्यांना ओली पोती लावायची, जमिनीवर पाणी शिंपायचं. आता प्यायला पाणी नाही तर सुताला कुठलं? इतर मागांवरच्या बाया तुटलेल्या तारा तशाच सोडून कापड पुढं रेटायच्या. संगप्पाचा माग मात्र प्रत्येक तारेसाठी थांबायचा. म्हणून त्यानं साहेबांच्या दिवसासाठी एक रांजण भरून झाकून ठेवला होता. सकाळी पोती भिजवायची, जमीन ओली करायची, म्हणजे दुपारपर्यंत माग नीट चालला असता.

त्या दिवशी सकाळीच अमृतराव आले. रस्त्यावर घोट्याएवढी धूळ. साहेबांची जीप आली की सगळा फुफाटा शेडमध्ये येईल, पाहुणे दारातूनच परत जातील, तेव्हा सडा टाकायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाणी? टँकर उदगीरहून निघाला आहे, आताच निरोप आला.

शिवगंगा रांजणाजवळच उभी होती. ती हळू म्हणाली, "अवो, टँकर दारात येऊ द्या. मग ओता."

संगप्पानं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबला असता. पण खोटं कशाला सांगायचं, त्यालाही धूळ नको होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठा माणूस त्याचं काम बघायला येत होता आणि पाहुण्याच्या वाटेवर सडा नसणं त्याला घराण्याची लाज वाटली. त्यानं पहिला हंडा स्वतः ओतला. दुसरा ओतला. रस्ता असा छान वास मारायला लागला की म्हशी येऊन उभ्या राहिल्या. रांजणाच्या तळाशी उरलं ते अमृतरावांनी साहेबांसाठी आणलेल्या हारांवर शिंपडलं गेलं. फुलं टवटवीत दिसली पाहिजेत ना.

टँकर वाटेतल्या गावानं अडवून रिकामा केला.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत सगळं नीट ऐकून घेतलं. संगप्पानं माग सुरू केला. चार-सहा फटके झाले आणि टिकली पडली, माग थांबला. शिवगंगेनं गाठ मारली. पुन्हा सुरू, पुन्हा टिकली, पुन्हा थांबला. शेजारचा माग रेघांमागून रेघा पाडत, सांडासारखा एका दमात पळत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. विचारलं, हा चालतो कधी?

संगप्पा सांगायला लागला की हवा कोरडी आहे साब, सुताला ओल पाहिजे, आज पाणी जरा... आणि त्याची नजर दाराबाहेर गेली, त्या ओल्या रस्त्याकडं. अमृतरावांनी मऊ आवाजात साहेबांना शेजारच्या मागाकडं वळवलं. हा बघा, साब, आमचा माग, थांबायचं नाव नाही. साहेबांनी कापडावर हात फिरवला. हाताला रेघ लागत नाही. छान म्हणाले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी टिकल्या काढायचा हुकूम आला. कमलम्मा दोन दिवसांनी बसणार होती. नवराबायको मागाच्या दोन बाजूंना बसून एकेका तारेवरून टिकली उचलत होते. शेवटी संगप्पालाच राहवेना.

"एकदा बोल तरी, गंगे. टँकर येऊ द्या म्हणले होते म्हण."

"म्हणून काय होतंय?"

"मला बरं वाटंल."

शिवगंगेचे हात थांबले नाहीत. "तुमाला बरं वाटावं म्हणून म्हणू का? न्हाई म्हणत."

त्यानं मान खाली घातली. बायकोच्या शिव्या खाऊन हलकं होता येतं, हे गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांना ठाऊक आहे. ती वाट तिनं बंद करून टाकली.

मृगात पाऊस झाला. हवा ओली झाली, सूत लोण्यासारखं चालायला लागलं. कमलम्माची नजर तरणी होती, पण जीभ त्याहून तरणी. ती गप्पा मारायची आणि तार तुटली की रेघा पडत जायच्या. अमृतराव बघून न बघितल्यासारखं करायचे. संगप्पा तिच्या मागाला तेल घालायला जायचा तेव्हा ती रेघ त्याला लांबूनच दिसायची. तो हात पुढं करून माग थांबवायचा, गाठ मारायचा आणि पुन्हा सुरू करून द्यायचा. कमलम्मा म्हणायची, मामा, तुम्हाला माग थांबवायचा नादच हाय.

कोपऱ्यातून शिवगंगा हे ऐकत असायची. कांडी भरता भरता तिचं बोट सुतावरून फिरत राहायचं. एक दिवस ती उठून डॉक्टरकडं जाऊन आली आणि येताना शेडमध्ये सगळ्यांना सांगून आली की पिकला बरं का, पाऊस पडला तसा पिकला. बाया हसल्या. ऑपरेशन झालं, जाड चष्मा आला. मग तिला बारीकसुद्धा तार दिसू लागली, तेव्हा ती अमृतरावांकडं जाऊन उभी राहिली.

अमृतराव मऊ आवाजात म्हणाले, अक्का, माग आता कमलम्माच्या नावावर झाला.

त्या दिवसापासून शिवगंगा शेडमध्ये येताना चष्मा घरी ठेवून यायला लागली. कांड्यांना तो लागत नाही, असं ती म्हणायची. संगप्पा मात्र रोज तो चष्मा पदराच्या तुकड्यानं पुसून कोनाड्यात ठेवायचा आणि तिला घाल म्हणायची हिंमत त्याला कधी झाली नाही.