बर्फघराचं दार

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी लोणावळ्याच्या एसटी स्थानकावर उतरले, तेव्हा चिक्कीची दुकानं नुकतीच उघडत होती. आत्या स्कूटर घेऊन मला न्यायला आली होती. साडीवर तिने भडक नारंगी जाकीट घातलं होतं आणि त्याच्या पाठीवर हा एवढा मोठा पेंग्विन होता. दोन रिक्षावाले तिच्याकडे बघून हसत होते. मी आधी त्यांच्याकडे बघितलं आणि मग आत्याकडे.

"बस की मागं. चावत न्हाई त्यो," ती म्हणाली.

मी बसले, पण पेंग्विनपासून थोडं अंतर ठेवून.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी येते, पण नातेवाइकांच्या घोळक्यात ती वेळेवर तोंडात येत नाही. मग मी हसते, नाहीतर नुसती मान हलवते. आत्याकडे जायचं बरीच वर्षं टाळलं ते त्यामुळेच. या वेळी तिनेच फोन केला होता. "तुझ्या सहलीच्या बागंत आता आमचं गुलाब ऱ्हात्यात. बघून तर जा."

लोणावळ्याजवळच्या औंढे गावात तिचं पॉलिहाऊस आहे. ते दिसायच्या आधी ऐकू आलं. छताचा प्लास्टिकचा कागद एका बाजूने फाटला होता आणि वाऱ्यावर फडफडत होता. आत बायका गुलाब कापत होत्या. प्रत्येक कळीला जाळीची पांढरी टोपी घातलेली, शाळेच्या स्नेहसंमेलनात उभ्या केलेल्या मुलींसारखी.

"हा व्हॅलेंटाइनचा माल गेला की त्याच पैशातनं कागद बदलायचा," वर बघत आत्या म्हणाली. "पावसाच्या आत. न्हाई झालं तर हितलं निम्मं सडलं म्हणून समज."

तिथून आम्ही त्या बागेत गेलो. बाग म्हणजे थीम पार्क. पाचवीत असताना आमची सहल इथे आली होती, तेव्हा तिकिटाच्या खिडकीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. आता खिडकीत एक मांजर झोपलं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या शनिवार-रविवारी चालतात, बाकीचे खेळ बंद पडले आहेत. पण बंद म्हणजे रिकामे नव्हेत, हे आत गेल्यावर कळलं. भुताच्या गुहेत इंद्रायणी तांदळाची पोती रचली होती आणि दारातल्या हाडांच्या सापळ्याच्या हाताला कुणीतरी पोती तोलायचा ताणकाटा अडकवला होता. रांगेसाठी लावलेल्या नागमोडी कठड्यांवर गोणपाटं वाळत होती. खाण्याच्या दालनात पिझ्झाचं फिकट झालेलं चित्र तसंच होतं, आणि त्याच्या खाली बचत गटाच्या बायका मोठ्या पातेल्यात आमटी ढवळत होत्या.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मी विचारलं.

"कुणाच्याच न्हाई. आमाला थंड खोली पायजे हुती, मालकाला भाडं. मग तांदूळवाले आले, मग ह्या सैपाकवाल्या."

थंड खोली म्हणजे जुनं बर्फघर. ते मुलाणीचाचा सांभाळतात. पूर्वी ते तिथेच पोरांवर बर्फ उडवायचं यंत्र चालवत. पाहुण्यांना भाड्याने मिळणारी जुनी जाकिटं आता गुलाब बांधणाऱ्या बायका घालतात. पेंग्विनचा उलगडा झाला. आत प्लास्टरचं पांढरं अस्वल अजून उभं होतं आणि त्याच्या पुढच्या पायांमध्ये गुलाबांच्या बादल्या होत्या. भिंतीपासून दारापर्यंत नुसत्या मिटलेल्या लाल कळ्या.

"पोरं लय किंचाळायची," चाचा म्हणाले. "हे आपलं गप बसत्यात."

आत्याने मला एकच गोष्ट बजावली. बाहेरची हवा लागली की गार कळ्यांवर पाणी धरतं, त्या सैल पडतात. दुपारी माल बघायला माणूस येतो, तो असल्या कळ्या घेत नाही. म्हणून दार कायम बंद.

थोड्या वेळाने तिने मला जाळ्यांची पिशवी आणायला आत पाठवलं. ते जाड दार आतून ढकललं की उघडतं, असं चाचांनी सांगितलं होतं. माझा त्यावर विश्वास बसला नाही. कुठेही गेले तरी बाहेर पडायची वाट मी आधी बघून ठेवते. दाराच्या फटीत मी माझी पाण्याची बाटली आडवी ठेवली, आत गेले, पिशवी उचलली. बाहेर येते तो दोघी-तिघींनी मला हाताला धरून ओढलंच. "चला ताई, पानं मांडली!"

गुलाबाचा शेवटचा मोठा माल जायच्या दिवशी आत्या सगळ्या कापणाऱ्या-बांधणाऱ्यांना जेवू घालते. खाण्याच्या दालनातली टेबलं भिंतीला सारून जमिनीवर पंगत बसली होती. चाचांनाही आत्याने आग्रहाने पहिल्या पंगतीत बसवलं. माझ्या शेजारी आत्याचे शेजारी आबा होते, सगळ्यांत वडीलधारे. पानात भात, आमटी, मटकीची उसळ, जिलेबी. आत्या स्वतः वाढत होती.

"ताई लय लाजत्यात," समोरची बाई म्हणाली. "विंग्रजी शाळंत जेवायला शिकवत न्हाईत व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. तिखट लागलं म्हणून पाणी प्यायला डावा हात बाजूला नेला, आणि तिथे बाटली नव्हती.

ती दारात होती.

आमच्याकडे पंगतीतून मध्येच कुणी उठत नाही. सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं, वडीलधारे उठले की उठायचं. हे मलाही माहीत होतं. शिवाय आत्ताच सगळे माझ्याकडे बघून हसले होते. मी उठले असते तर पुन्हा सगळ्यांनी बघितलं असतं आणि मला काहीतरी बोलावं लागलं असतं. मी मनात वाक्य जुळवू लागले. तेवढ्यात आत्या भाताचं पातेलं घेऊन माझ्यासमोर वाकली. तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं होतं.

"वाढू का अजून?"

"पुरे," मी म्हटलं.

ती पुढे गेली.

आबा सावकाश जेवत होते. एकेक घास, आणि मधूनमधून एकेक गोष्ट. भुताच्या गुहेत पहिल्यांदा तांदूळ आणला तेव्हा उंदीर कसे भ्याले, हे त्यांनी सांगितलं आणि पंगत खदखदली. "आबा, आटपा आता, टेम्पो यील," कुणीतरी ओरडलं. "यीना का. त्यालाबी जेवू घाला," आबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक जिलेबी मागितली. पानातली जिलेबी मी बोटाने मोडत बसले. तेवढ्या वेळात बोलायच्या किती संधी आल्या आणि गेल्या, ते मी बघत होते.

आबा उठले तशी मी धावले. पण पंगतीच्या दाराकडच्या टोकाला असलेले चाचा माझ्या आधी पोहोचले होते. दार त्यांनी बंद केलं होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

माल बघणारा माणूस टेम्पो घेऊन आला. अस्वलाच्या मागच्या बादल्या त्याने घेतल्या. दाराकडच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, तशाच ठेवल्या. कळ्यांच्या टोप्या ओल्या झाल्या होत्या आणि जाळीतून पाकळ्या बाहेर डोकावत होत्या.

"दार माज्याकडून नीट लागलं न्हाई, वयनी," चाचा आत्याला म्हणाले.

त्यांच्या जाकिटाच्या खिशातून माझ्या बाटलीचं निळं झाकण दिसत होतं.

"मी," मी म्हटलं. टेम्पो सुरू झाला होता, त्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही. गप्प राहायला एवढं कारण पुरलं असतं. पण ते निळं झाकण समोर होतं. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, "दार मी उघडं ठेवलं. बाटली माझी आहे."

आत्याने माझ्याकडे बघितलं.

"कवा ध्यानात आलं?"

"जेवताना."

"भात वाढला तवा?"

मी मान हलवली.

"अगं, मी समूर वाकले हुते की. नुसतं 'दार' म्हणाली असतीस तरी पळाले असते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि एकेका कळीची टोपी काढू लागली. फुलं तिने बायकांना वाटून टाकली, आणि एक मोठा जुडगा वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. "ने घरी. हितं टाकून काय करू?" चाचांनी बाटली पाण्याने भरून माझ्या पिशवीत ठेवली.

परत जाताना स्कूटरवर मी तिच्या पाठीला, त्या पेंग्विनला चिकटून बसले. फडफडणाऱ्या कागदाजवळून गेलो तेव्हा तिने एकदा तिकडे बघितलं. स्थानकावर एवढंच म्हणाली, "पोचलीस की फोन कर. अन् बोल. नुसतं हुं हुं नको."

कार्ले फाट्यावर देवीच्या दर्शनाहून आलेली एक बाई एसटीत चढली आणि माझ्याशेजारी बसली.

"काय उमललीत! देवीला न्यायची राहिली का?"

"नाही. विकायची होती."

"मग विकली का न्हाईत?"

"दार उघडं राहिलं."

"कुणाकडनं?"

"माझ्याकडून," मी म्हटलं.

बाईने प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि ती खिडकीबाहेरची भातखाचरं बघू लागली.

घरी मी फुलं बादलीत ठेवली. संध्याकाळपर्यंत ती पूर्ण उघडली आणि खोलीभर वास पसरला. दारात आलेल्या शेजारणीने बघून म्हटलं, "प्रवास छान झालेला दिसतोय!" आतापर्यंत अशा वेळी मी हसून मान हलवत आले आहे. या वेळी नाही हलवली.

मग आत्याला फोन केला. 'पोहोचले' एवढं सांगून फोन ठेवायचं ठरवलं होतं. पण मी विचारलं, "आत्या, कागद?"

"आता फुडल्या हंगामाला बघू," ती म्हणाली. "जेवलीस का?"

ती पॉलिहाऊसमध्येच उभी होती. तिच्या मागे फडफड ऐकू येत होती. मी फोन लवकर ठेवला नाही.