दिसला की यादीत

गेम बनवणाऱ्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. काम निदान डिलीट तरी करता येतं!

आमचं ऑफिस जळगावात, मेहरूणला, एका खोलीचं. मालक प्रकाशभाऊ, चित्रं काढणारे साबीरभाई, गेम खेळून चुका शोधणारा निलेश आणि कोड लिहिणारी मी. लढाईच्या गेममध्ये प्रत्येक सैनिकाला या क्षणी कोण दिसतंय, त्याची यादी माझा कोड ठेवतो. दिसला की यादीत घ्यायचा, आड गेला की काढायचा. पुण्याच्या क्लायंटने बजावलं होतं, डेमो चुकला तर काम बंद. म्हणजे ऑफिसला कुलूप आणि मी नोकरीसाठी पुण्यात. यावलला आई एकटी.

*

एकदा आमचे सैनिक मोकळ्या जागेवर गोळ्या झाडत बसले. टेन्शन आलं की भाऊ अहिराणीवर येतात.

"कोन शे तठे?"

"कोणी नाही भाऊ. होता तो मेला. यादीतून काढायचा राहिला."

"मग मुक्ती दे ना बाई त्याला!"

*

साबीरभाईंनी हौसेने गेममधल्या शेतात बुजगावणं उभं केलं आणि ते माणसांत नोंदवलं. अख्खी पलटण त्याला घेरून बसली, पुढे जाईना! मी म्हटलं, "भाई, वस्तूंमध्ये टाका ना त्याला."

भाई दुखावले. "इतना अच्छा बनाया, उसको वस्तू कैसे बोलूं?"

*

नव्या नकाशावर लढाई सुरूच होईना. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या आणि यादी रिकामी. मी कोड उलटासुलटा करून थकले, जेवण जाईना. शेवटी निलेशने नकाशा मोठा करून पाहिला. भाईंनी मधोमध केळीची बाग लावली होती, अगदी पानाला पान चिकटून!

"भाई, यात कोण कोणाला दिसणार?"

"मग तुमच्या यावलला केळीच्या बागेत कोण दिसतं?"

*

फारच अडलं की आम्ही खोलीतच लढाई मांडतो. निलेश खुर्चीवर उभा राहून पहारेकरी होतो, मी कपाटाआड शत्रू. डेमोच्या आदल्या दिवशी अशीच लपले होते, तेवढ्यात कुरिअरवाला आला. मला पाहून तोही खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, साहेब फार चिडलेत का?"

मला हसूही येईना.

*

डेमो व्हिडिओ कॉलवर. लॅपटॉपसमोर भाऊ, मागे आम्ही तिघं. पुण्याच्या साहेबांनी मुद्दाम आपला सैनिक भिंतीआड लपवला. तो यादीतून जायला हवा होता. गेला नाही! आमची पलटण वळसा घालून थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तो दिसत नव्हता," साहेब म्हणाले. "मग यांना कसं कळलं?"

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात मागून साबीरभाई बोलले.

"साहेब, आमच्याकडे लपलेला माणूस कुठे आहे, ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं."

मग साहेब हसत सुटले, थांबेचनात. "भारी आहे! काम पुढे चालू. पण सगळ्या लेव्हल्समध्ये शत्रू असेच हुशार पाहिजेत मला."

भाऊंनी माइक बंद केला. कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळले.

"हे चुकून झालंय ना? मग आता मुद्दाम जमेल का गं?"