मेलेली पूड

धाराशिवात अजूनही कुणी भेटलं की म्हणतं, "नशीबवान हो तुम्ही! सासऱ्यांनी सुनेला हुनर शिकवला. कोण शिकवतंय आजकाल?" मी "व्हय" म्हणते आणि पिशवी उचलून चालू लागते. भर बाजारात उभं राहून काय काय सांगायचं? शिकवलं हे खरं. कसं शिकवलं, ते इथं लिहिते.

आमच्या घरात नगावर, म्हणजे अंगठीच्या खड्यावर, कोरायचं काम पिढीजात. निजामाच्या अमलात कचेरीच्या शिक्क्याच्या मोहरा ह्या घरातून जायच्या. आता मोहरा कोण मारतंय? आता सोनार मोबाईलवर फोटो टाकतात आणि अंगठीचे खडे पाठवतात. कुणाला अकिकाच्या दगडावर नाव पाहिजे, कुणाला नंदी, कुणाला आई भवानी. काम सगळं उलटं. चित्र दगडावर उठवायचं नाही, आत खणायचं. नाक जेवढं वर दिसायला पाहिजे, तेवढं दगडात खोल न्यायचं. मग मेणावर दाबलं की ठसा उठतो, आणि खरं चित्र तिथं दिसतं. मामा, म्हणजे आमचे सासरे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "दगडाकडं बघून खूश व्हायचं न्हाय पोरी. ठसा काय म्हणतो ते बघायचं."

आमच्या ह्यांची कोर्टात नोकरी. ते कोरायच्या चाकावर कधी बसलेच नाहीत. हट्ट मीच धरला. तेव्हा मी छत्तीसची होते, पोरं शाळेत जायला लागली होती, आणि मामांचे नंदी बघून माझे हात शिवशिवायचे. मी सास्तूरकडची, गोठ्यात वाढलेली. वशिंड कुठं बसतं, गळ्याखालची पोळी कशी लोंबते, बैल बसताना आधी कुठला पाय मुडपतो, हे मला झोपेत विचारा. मामांचा नंदी मात्र शेळी बसल्यासारखा दिसायचा. लोक वाहवा करायचे, ते नंदीला नमस्कार करत होते म्हणून. एकदा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामा, ह्याचं वशिंड लई मागं सरकलंय बघा." ते हसले. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस!

चाक म्हणजे आडवी फिरणारी सळई. पूर्वी ती पायानं फिरवायचे, आता शिलाई मशीनची मोटर लावलीय. सळईच्या टोकाला लोखंडाची काडी, काडीच्या टोकाला मोहरीएवढी गोळी. खडा लाखेनं दांडीवर चिकटवायचा आणि हातात धरून त्या गोळीला भिडवायचा. पण लोखंड अकीक कापत नाही. कापते ती हिऱ्याची पूड, तेलात कालवून गोळीला लावलेली. मामांची पूड पितळेच्या डबीत, डबी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. माझ्यापुरती पूड ते स्वतः वाटीत काढून द्यायचे. महागाची चीज, सुनेच्या हातून सांडायला नको. मला त्यातही कौतुकच दिसायचं.

पहिलं वर्ष गेलं. खड्यावर खळगा पडायचा, पण कड येईना. शिंग काढायला जावं तर तिथं नुसता गुळगुळीत खड्डा. मेणावर दाबलं की नंदीच्या जागी भिजलेला हरभरा. मी दाबून कोरायला लागले. दाबलं की दगड तापायचा, लाख मऊ व्हायची, खडा निसटायचा. दोन खडे तडकले. उजवा अंगठा बधिर झाला, भाकरी थापताना चटका बसलेला कळायचा नाही. आमचे हे म्हणायचे, "कशाला जिवाला लावून घेतेस? सगळ्यांनाच येतं असं न्हाय." त्यांना सोपं होतं म्हणायला.

दुसऱ्या वर्षी मी भीत भीत विचारलं, "मामा, पूडच तर खराब नसंल?" समोर सोनार बसला होता. मामा त्याच्याकडं बघून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सोनार पोट धरून हसला. त्या दिवशी मीही हसले, म्हणजे बघा माझी अक्कल.

मग एक दिवस मामांनी माझा खडा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "कोरायला हात न्हाय तुला. पण चकाकी लई भारी येते. माझं पॉलिश करत जा." म्हणजे ते कोरायचे आणि चमकवायची मी. सकाळचा स्वयंपाक उरकला की दुपारभर त्यांच्या शेळ्या उजळत बसायचं. सोनार म्हणायचे, आजकाल मामांच्या कामाला काय तेज आलंय! मामा मिशीतल्या मिशीत हसायचे. वकिलाच्या बायकोपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की ह्या घरात सून चाकावर बसते. फक्त तिला येत काही नव्हतं.

चौथ्या वर्षी मामा जेवताना म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? श्रावण सरायच्या आत एक नंदी काढून दाखव, शिंगं-वशिंडासकट. न्हाय जमला तर चाकाचा नाद सोड, कायमची पॉलिशला बस." ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. मी "बरं" म्हटलं. त्या श्रावणात मी रोज पहाटे उठून बसायची. तीन आठवड्यांत तीन हरभरे झाले.

शेवटच्या सोमवारी मामांचे दोस्त जीप घेऊन दारात आले, येडशीजवळच्या रामलिंगाला जायला. हॉर्नवर हॉर्न. मामा घाईत चप्पल शोधत निघाले, आणि पितळेची डबी चाकाशेजारीच राहिली. माझं लक्षही नव्हतं. मी माझा चौथा खडा लावून बसले. दहा मिनिटांत कोपर लागलं आणि माझी वाटी उपडी झाली. सगळं तेल फरशीवर. आता आली का पंचाईत! संध्याकाळपर्यंत मामा यायचे नाहीत, आणि दिवस तर संपत आलेले. म्हटलं, चिमूटभर घेते, त्यांना सांगते नंतर. डबीतलं काडीला लावलं आणि खडा भिडवला.

आवाजच वेगळा आला. माझी काडी नेहमी नुसती गुणगुणायची, आज करकरली. खडा काढून पुसून बघितला तर वशिंडाच्या जागी कडा असलेला खड्डा. आठ दिवसांचं काम पाव तासात झालं होतं. आधी वाटलं, खडाच मऊ निघाला. दुसरा घेतला, तोही तसाच कापला गेला. मग फरशीवरचं माझं तेल बोटानं निपटून काडीला लावलं. परत ती गुणगुण, परत ती चकाकी. डबीतलं लावलं की करकर. चार वेळा केलं. चाराला चार.

कोरून झालं की खडे धुतात. ते गढूळ पाणी एका मडक्यात साठवायचं, खाली गाळ बसतो. त्यात झिजलेली पूड असते. ती धड कापत नाही, नुसती घासून चमकवते. पॉलिशला चालते. ह्या कामाची माणसं तिला मेलेली पूड म्हणतात. मडकं रोज मीच भरायची, गाळ मीच गाळून ठेवायची. तोच गाळ चार वर्षं माझ्या वाटीत येत होता.

रडू नंतर आलं. आधी शिवी आली, ती इथं लिहीत नाही. म्हटलं, माझ्या हाताला मी काय काय बोलले! भाकरी करपली तरी "ह्या हातात काही न्हायच" म्हणायची. पोरीनं चित्र काढायला बोलावलं तर "मला न्हाय येत गं" म्हणून उठून जायची. आणि डोळे? ह्या कामाची डोळ्याची चांगली वर्षं चाळिशीपर्यंत. माझी ती गाळात गेली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच सुईत दोरा ओवायला मला पोरगी लागायला लागली होती.

मग मात्र मी उठले नाही. भाजी टाकली नाही, गॅस पेटवला नाही. डबी समोर ओढली आणि बसले. आधी वशिंड, सगळ्यात खोल. मग पाठ, मग मुडपलेला पाय, पोळीच्या तीन घड्या, शेवटी शिंगं. पोरं शाळेतून आली, चिवडा खाऊन खेळायला गेली. हे कोर्टातून आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे गं. वडील माणूस हाय. वाद नको घालूस." मी खड्यावरून नजर काढली नाही. काढली असती तर काहीतरी फेकून मारलं असतं.

दिवे लागायच्या आत मामा आले, हातात प्रसादाचं खोबरं. मी मेणाचा ठसा त्यांच्यासमोर ठेवला. त्याच्या एका बाजूला डबी, दुसऱ्या बाजूला गाळाचं मडकं. त्यांनी आधी डबीकडं बघितलं, मग मडक्याकडं. सगळं कळलं त्यांना, चेहरा काही बदलला नाही. खिशातून भिंग काढलं आणि ठसा उजेडाला धरून लई वेळ बघितला. बैल असा बसला होता की आता उठंल असं वाटत होतं. मी चांगलं केलंय हे मला माहीत होतं. तरी, देवाशपथ, त्यांनी चांगलं म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हात हाय तुला," मामा म्हणाले. "पहिल्या महिन्यातच कळलं व्हतं मला."

"मग मामा, चार वर्षं मला गाळ का दिला तुम्ही?"

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "कळलं व्हतं, म्हणूनच. एका घरात दोन हात झाले की लोक डावं-उजवं करायला लागतात. ह्या वयात मला ते ऐकायचं नव्हतं." आवाजात ना लाज ना राग, भाजीचा भाव सांगावा तसं. मग गुडघ्यावर हात ठेवून ते खाली बसले आणि म्हणाले, "जीपनं हाडं खिळखिळी केली बघ. चहा टाक जरा."

लई ठरवलं होतं बोलायचं. शब्द तोंडाशी होते. हे दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते, नको नको अशी मान हलवत. मी उठले, बोटांचं तेल साबणानं धुतलं आणि चहा टाकला. आलंसुद्धा घातलं. मामांनी गाळात घातलेल्या चार वर्षांचा राग मला येतोच, पण त्या चहाचा जास्त येतो.