रोजची तीन वाक्यं

तो लेकीची वही करंगळीने उघडायचा. वसमतच्या मोंढा बाजारात दिवसभर हळदीची पोती उचलून बाकीची बोटं पिवळी झालेली असायची. वहीला डाग लागला तर मॅडम रागावतील, ही धास्ती. मॅडमचा शेरा वाचायला तो माझ्याकडे यायचा. "ताई, हळू वाचा," म्हणायचा.

शाळेच्या फाटकाशी आवाज उतरणारे असे बाप तुम्हीही पाहिले असतील. हा आमच्या गल्लीतला. तो पाचवीत असताना गुरुजींनी त्याला फळ्यावर इंग्रजी लिहायला उभं केलं. खडू हातात तसाच राहिला, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशीच त्याने शाळा सोडली. "माझ्यावानी हिचं झालं तर?" एवढंच विचारायचा.

त्याची लेक प्रज्ञा तिसरीत होती. इंग्रजी सुधारलं नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवू, असं शाळेने कळवलं होतं. तो तिला माझ्याकडे शिकवणीला घेऊन आला. व्याकरणाचा नियम विचारला की पोरगी थिजायची. मग मी नियम बाजूला ठेवले. रोज संध्याकाळी एक छोटी गोष्ट वाचायची, आणि घरातलं काहीतरी तीन वाक्यांत लिहायचं. 'माय मदर कुक' लिहून ती अडायची, गोष्टीतलं वाक्य पुन्हा बघायची आणि आपणच 'एस' लावायची. तो माझ्या उंबऱ्याबाहेर बसायचा. आत बोलावलं तर म्हणायचा, "न्हाई, मी हितंच बराय."

एकदा तिने लिहून मोठ्याने वाचलं, 'माय फादर इज अफ्रेड.'

"काय लिवलं?" त्याने विचारलं.

मी वही उंबऱ्याकडे सरकवली. प्रज्ञाच म्हणाली, "पप्पाला भेव वाटतं."

तो वहीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"बराबर लिवलंय का, ताई?"

"हो. एकही चूक नाही."

"मग राहू द्या."

निकालाच्या दिवशी तो फाटकाशीच थांबला. आत मी गेले. प्रज्ञा पास झाली होती. तिला घेऊन बाहेर आले, तर तो नव्हता. शोधत शोधत बसस्थानकावर गेलो. तो बाकावर बसला होता.

"सांगू नका, ताई. जरा थांबा."

औंढ्याची गाडी लागली, भरली, गेली. मग प्रज्ञानेच निकाल त्याच्या मांडीवर ठेवला. "पास झाले, पप्पा."

त्याने तिला जवळ ओढलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आता ही लांब जाईल, न्हाई का?"

तीन वर्षांनी ती नांदेडला वसतिगृहात गेली. महिन्याभरात त्यानेही बायकोला घेऊन तिकडच्या बाजारात हमाली धरली.

"काहून जाता?" तो निघाला तेव्हा मी विचारलं.

"तिनं काई लिवलं अन् मला समजलं न्हाई, तर तिलाच इचारायला जवळ असावं."

त्यांच्या दाराला आता कुलूप आहे.